फॉर्मची माहिती सर्व्हरपर्यंत का पोहोचत नाही : दोष नेमका कुठे आहे हे कसे शोधावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. रिॲक्ट आणि व्हीट ही वेबपाने बनवण्याची साधने वापरून केलेला प्रवेश-चौकशीचा एक फॉर्म ५१७३ या पोर्टवर (संगणकाच्या क्रमांकित दारावर) चालतो आणि एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या चौकटीत लिहिलेला सर्व्हर ५००० या पोर्टवर. फॉर्ममध्ये नाव, मोबाइल क्रमांक, गाव आणि छायाचित्र असे रकाने आहेत. बटण दाबल्यावर कधी पान पुन्हा उघडते, कधी कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या त्रुटी-नोंदींच्या खिडकीत) कॉर्सची, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरचा प्रतिसाद वाचण्याच्या परवानगीची, लाल ओळ येते आणि विनंती पोहोचलीच तर सर्व्हरवर ‘रेक.बॉडी’ (विनंतीसोबत आलेली माहिती) रिकामे दिसते. पोस्टमन या विनंत्या पाठवून पाहण्याच्या साधनातून मात्र तीच माहिती व्यवस्थित नोंदली जाते. कोड अनेकदा बदलून पाहिला, तरी उलगडा होत नाही.

ही तिन्ही लक्षणे एकाच दोषाची आहेत असे समजून शोध घेतला जात आहे आणि शोध भरकटतो आहे तो त्यामुळेच. पान पुन्हा उघडणे हा निव्वळ ब्राउझरमधला प्रकार आहे, कॉर्सची तक्रार ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या सीमेवरची आहे आणि रिकामी बॉडी ही विनंती सर्व्हरच्या आत शिरल्यानंतरची गोष्ट आहे. पहिला दोष दुरुस्त झाला की दुसरा उघडा पडतो. मग पहिली दुरुस्तीच चुकली असे वाटून बरोबर केलेला बदलही मागे घेतला जातो आणि माणूस त्याच जागी फिरत राहतो.

रकान्यात लिहिलेली माहिती डेटाबेसमध्ये जाईपर्यंत ठरलेल्या टप्प्यांतून जाते. आधी ती रकान्यात असते, मग जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टमध्ये, मग ब्राउझरने पाठवलेल्या प्रत्यक्ष विनंतीत; पुढे मधला प्रॉक्सी (विनंती पुढे वळवणारा मध्यस्थ) असल्यास तो, सर्व्हरवरचा बॉडी-पार्सर (आलेली माहिती उलगडून वाचणारा भाग), तपासणीचे नियम आणि शेवटी डेटाबेस. माहिती कुठपर्यंत धड होती आणि कुठे बिघडली हे ठरल्याशिवाय कोडची एकही ओळ बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. हे ठरवण्यासाठी सर्वांत भरवशाची जागा म्हणजे ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क टॅब. आपल्या कोडने काय पाठवायला हवे होते हे कोड सांगतो. प्रत्यक्षात काय गेले हे फक्त नेटवर्क टॅब सांगतो.

नेटवर्क टॅब उघडून ‘प्रिझर्व्ह लॉग’ हा पर्याय आधी चालू करावा. तो बंद असेल तर पान पुन्हा उघडताच आधीच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात आणि नेमका पुरावाच नाहीसा होतो. मग फॉर्म भरून बटण दाबावे आणि जी ओळ उमटेल ती उघडून पत्ता, मेथड (विनंतीचा प्रकार, जसे गेट किंवा पोस्ट) आणि स्टेटस (सर्व्हरने दिलेला निकालाचा क्रमांक) पाहावेत. त्यानंतर हेडर्समध्ये (विनंतीसोबतच्या सूचनांत) कंटेंट-टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, काय आहे ते पाहावे आणि पेलोडच्या (पाठवलेल्या माहितीच्या) भागात ‘व्ह्यू सोर्स’ निवडून बॉडीचा कच्चा मजकूर वाचावा. ब्राउझर पेलोड सुबक मांडणी करून दाखवतो. त्या मांडणीत जेसन (माहिती नाव-किंमत जोड्यांत लिहिण्याची पद्धत) आणि साधा मजकूर यांतला फरक झाकला जाऊ शकतो, म्हणून कच्चा मजकूर पाहण्याचा आग्रह.

आता पहिले लक्षण. बटण दाबल्यावर पान पुन्हा उघडते आणि पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे रकान्यांची नावे व मजकूर दिसतो, याचा अर्थ फॉर्म ब्राउझरने स्वतःच पाठवला, आपल्या कोडने नाही. एचटीएमएलमध्ये फॉर्मला मेथड दिली नाही तर ती ‘गेट’ धरली जाते आणि फॉर्मच्या आतल्या बटणाला टाइप दिला नाही तर तो ‘सबमिट’ धरला जातो. त्यामुळे ‘ऑनसबमिट’च्या फंक्शनमध्ये ‘इव्हेंट.प्रिव्हेंटडिफॉल्ट()’ ही ओळ पहिलीच हवी. ती शेवटी लिहिली आणि मधे कुठे त्रुटी आली, तर ती ओळ चालतच नाही आणि पान पुन्हा उघडते. ‘कधी होते, कधी होत नाही’ याचे कारण बहुधा इथे सापडेल. हाताळणी बटणाच्या ‘ऑनक्लिक’वर लिहिली असेल तर ती काढून फॉर्मच्या ‘ऑनसबमिट’वर न्यावी, म्हणजे एंटर दाबून पाठवलेला फॉर्मही त्याच वाटेने जाईल. या दोषाकडे केवळ गैरसोय म्हणून पाहू नये. फॉर्ममध्ये पासवर्ड किंवा मोबाइल क्रमांक असेल तर तो पत्त्यातून ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये जाऊन बसतो.

बटण दाबूनही नेटवर्क टॅबमध्ये एकही ओळ उमटत नसेल तर सर्व्हरकडे बघण्याचे कारणच नाही. कन्सोलमध्ये जावास्क्रिप्टची त्रुटी आहे का ते पाहावे. याचे एक फसवे रूप म्हणजे ‘रिक्वायर्ड’ असलेला पण पडद्यावर लपवलेला रकाना: ब्राउझर तो रिकामा असल्याची सूचना दाखवू पाहतो, पण रकाना दिसतच नसल्याने सूचना दाखवता येत नाही आणि फॉर्म मुकाट्याने अडून राहतो. क्रोम अशा वेळी कन्सोलमध्ये हा रकाना फोकस करता येत नाही अशा अर्थाची ओळ देतो. ती वाचली नाही तर तासन्‌तास जातात.

विनंती गेली, पण एखादाच रकाना गळाला, असेही पुष्कळदा होते. ‘फॉर्मडेटा’ (फॉर्मचे रकाने गोळा करणारा जावास्क्रिप्टचा ऑब्जेक्ट) वापरताना ज्या रकान्याला ‘नेम’ नाही तो पाठवला जात नाही. ‘आयडी’ असून भागत नाही. ‘डिसेबल्ड’ केलेला रकाना जात नाही, ‘रीडओन्ली’ केलेला जातो. खूण न केलेला चेकबॉक्स ‘नाही’ असे कळवत नाही, तो विनंतीतून गायबच असतो. ‘ऑब्जेक्ट.फ्रॉमएन्ट्रीज’ने फॉर्मडेटाचा ऑब्जेक्ट केला तर एकाच नावाच्या अनेक नोंदींपैकी फक्त शेवटची उरते, म्हणून तीन विषय निवडलेल्या विद्यार्थ्याचा एकच विषय नोंदला जातो. आणि फॉर्मडेटा थेट ‘जेसन.स्ट्रिंगिफाय’ला (ऑब्जेक्टचा जेसन मजकूर करणाऱ्या फंक्शनला) दिला तर हाती फक्त रिकामे महिरपी कंस येतात.

विनंतीची ओळ उमटली पण तिला स्टेटसच नाही, असे असेल तर सर्व्हरशी जोडणीच झालेली नाही किंवा ब्राउझरने प्रतिसाद अडवला आहे. आधी सर्व्हर चालू आहे का आणि कोणत्या पत्त्यावर ऐकतो आहे ते पाहावे. मॅक वापरत असाल तर ५००० या पोर्टची वेगळी अडचण आहे. २०२१ साली आलेल्या मॅकओएस मॉन्टेरेपासून एअरप्ले रिसीव्हर (इतर उपकरणांवरचे चित्र-आवाज घेणारी सोय) हे पोर्ट वापरतो आणि अनोळखी विनंतीला ४०३ (नकार) देतो. त्या प्रतिसादाच्या ‘सर्व्हर’ हेडरमध्ये ‘एअरट्यून्स’ असे लिहिलेले असते. त्यात कॉर्सचे हेडर नसल्यामुळे ब्राउझर मात्र कॉर्सची तक्रार करतो. तुमचा पोस्टमन नीट चालतो, त्यामुळे इथे हे कारण कमी संभवते. तरीही विकासासाठी ५००० टाळून दुसरे पोर्ट घेणे शहाणपणाचे.

‘लोकलहोस्ट’ (म्हणजे स्वतःचाच संगणक) या नावाचाही घोळ होतो. नोड (एक्सप्रेस ज्यावर चालतो ती प्रणाली) १७ पासून हे नाव आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्याकडे आधी वळू शकते, आणि सर्व्हर फक्त १२७.०.०.१ या जुन्या पद्धतीच्या पत्त्यावर ऐकत असेल तर व्हीटच्या प्रॉक्सीला ‘ईकॉनरिफ्यूज्ड’ (जोडणी नाकारली) अशी त्रुटी मिळते. प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये थेट १२७.०.०.१ लिहिले की ही अडचण सुटते. डॉकरमध्ये (प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) उलट अडचण असते: कंटेनरच्या आत १२७.०.०.१ वर ऐकणारा सर्व्हर बाहेरून दिसत नाही, त्याला ०.०.०.० वर ऐकवावे लागते. आणि फोनवरून फॉर्म तपासताना ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो फोनच, आपला संगणक नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

कॉर्सबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गैरसमजांचे सर्वाधिक पीक इथेच आहे. ब्राउझरच्या दृष्टीने ओरिजिन म्हणजे प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट यांची तिकडी. ५१७३ आणि ५००० ही दोन वेगळी ओरिजिन आहेत. इतकेच नव्हे तर ‘लोकलहोस्ट’ आणि ‘१२७.०.०.१’ हीसुद्धा वेगळी आहेत. एका ओरिजिनवरच्या कोडने दुसऱ्या ओरिजिनचा प्रतिसाद वाचायचा असेल तर त्या दुसऱ्या सर्व्हरने हेडरमधून परवानगी द्यावी लागते. कंटेंट-टाइप ‘ॲप्लिकेशन/जेसन’ असेल तर ब्राउझर मूळ विनंतीच्या आधी ‘ऑप्शन्स’ मेथडची प्रीफ्लाइट विनंती पाठवून परवानगी विचारतो. पोस्टमन हा ब्राउझर नाही. तो परवानगी विचारतही नाही आणि तपासतही नाही. म्हणून ‘पोस्टमनमध्ये चालते’ यावरून एवढेच सिद्ध होते की सर्व्हरचा रूट (त्या पत्त्यावरची विनंती हाताळणारा कोड) आणि त्यामागचे काम बरोबर आहे. हा निष्कर्ष मोलाचा आहे, पण त्यापलीकडे तो जात नाही.

दुरुस्ती सर्व्हरवरच करावी लागते. एक्सप्रेसमध्ये ‘कॉर्स’ हे मिडलवेअर (विनंती रूटपर्यंत जाण्याआधी चालणारा कोड) सर्वांत वर ठेवावे, ‘एक्सप्रेस.जेसन()’च्याही वर आणि लॉगइन तपासणाऱ्या मिडलवेअरच्या तर नक्कीच वर. प्रीफ्लाइट विनंतीसोबत कुकी किंवा ऑथोरायझेशन हेडर जात नाही, त्यामुळे लॉगइनची तपासणी आधी आली तर प्रीफ्लाइटलाच ४०१ (लॉगइन केलेले नाही) मिळते आणि मूळ विनंती निघतच नाही. परवानगीच्या यादीत ओरिजिन लिहिताना शेवटी तिरकी रेघ देऊ नये. ‘एचटीटीपी://लोकलहोस्ट:५१७३’ आणि त्यापुढे एक तिरकी रेघ या दोन गोष्टी ब्राउझर एक मानत नाही. कुकी पाठवायची असेल तर फेचमध्ये (विनंती पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये) ‘क्रेडेन्शियल्स’ला ‘इन्क्लूड’ लिहावे लागते आणि सर्व्हरवर तारांकित (सर्वांना खुली) परवानगी चालत नाही, ओरिजिन नावाने द्यावे लागते.

आता ज्या सल्ल्याने तुमचे दुसरे आणि तिसरे लक्षण एकमेकांत गुंतले असण्याची मला दाट शंका आहे, तो सल्ला. कॉर्सची तक्रार घालवण्यासाठी फेचमध्ये ‘मोड’ला ‘नो-कॉर्स’ लिहा, असे अनेक जण सांगतात. ते लिहिले की लाल ओळ खरोखरच जाते. पण त्या मोडमध्ये ब्राउझर ‘ॲप्लिकेशन/जेसन’ हे हेडर स्वीकारत नाही आणि ते नाकारल्याचे सांगतही नाही. बॉडी मजकूर-स्वरूपात असल्याने कंटेंट-टाइप ‘टेक्स्ट/प्लेन’ होतो. एक्सप्रेसचा जेसन-पार्सर फक्त जेसन म्हणून आलेली बॉडी वाचतो, म्हणून तो ही बॉडी सोडून देतो आणि ‘रेक.बॉडी’ रिकामे राहते. शिवाय प्रतिसाद अपारदर्शक होतो: स्टेटस शून्य दिसतो आणि मजकूर वाचता येत नाही, त्यामुळे सर्व्हरने काय कळवले हेही कळत नाही. एका दोषाचे लक्षण लपवून दुसरा दोष निर्माण करणारा हा उपाय आहे. तुमच्या कोडमध्ये तो कुठे राहिला असेल तर आधी काढून टाका. ब्राउझरची सुरक्षा बंद करणारे एक्स्टेंशन लावून काम भागवणेही असेच आहे. ते तुमच्या संगणकावर चालेल, फॉर्म भरणाऱ्या विद्यार्थ्याच्या फोनवर चालणार नाही.

त्याचबरोबर हेही सांगायला हवे की कॉर्स म्हणून दिसणारी प्रत्येक तक्रार कॉर्सची नसते. सर्व्हर कोसळून त्याच्यापुढे बसवलेल्या एनजिनएक्स या वेब-सर्व्हरने ५०२ दिला, फाइल मोठी म्हणून ४१३ दिला किंवा जेसन मोडके असल्याने पार्सरने ४०० दिला आणि कॉर्सचे मिडलवेअर त्याच्या खाली असले, तर अशा प्रतिसादांना परवानगीचे हेडर जोडले जात नाही आणि ब्राउझर फक्त कॉर्सचे नाव घेतो. एनजिनएक्समध्ये ‘ॲड_हेडर’ ही सूचना ‘ऑलवेज’ न लिहिल्यास ४०० आणि ५०० च्या घरातल्या प्रतिसादांना लागूच होत नाही. ‘लहान माहिती जाते, छायाचित्र जोडले की कॉर्सची त्रुटी येते’ असे असेल तर शोध आकारमर्यादेचा घ्यावा, कॉर्सचा नव्हे. अशा वेळी सर्व्हरचा लॉग हाच खरे कारण सांगतो.

विकास करताना कॉर्स टाळण्याचा सरळ मार्ग म्हणजे व्हीटचा प्रॉक्सी. ‘/एपीआय’ने सुरू होणाऱ्या विनंत्या ५००० कडे वळवा असे सेटिंगमध्ये लिहायचे आणि फेचमध्ये पूर्ण पत्ता न देता फक्त ‘/एपीआय/चौकशी’ असा सापेक्ष पत्ता द्यायचा. मला हा मार्ग पसंत आहे, मात्र हा प्रॉक्सी विकास-सर्व्हरपुरताच असतो. बिल्ड करून (अंतिम फाइली बनवून) त्या फाइली होस्टिंगवर टाकल्या की तो नसतो. तिथे तेच काम एनजिनएक्सला किंवा होस्टिंगच्या रीराइट (पत्ता वळवण्याच्या) नियमांना द्यावे लागते. पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगमधून) घेत असाल तर व्हीटमध्ये त्याचे नाव ‘व्हीट_’ने सुरू व्हावे लागते आणि त्याची किंमत बिल्डच्या वेळीच कोडमध्ये कायमची लिहिली जाते. नंतर सर्व्हरवर व्हेरिएबल बदलून काही होत नाही, पुन्हा बिल्ड करावे लागते.

विनंती आत आली, तरी बॉडी रिकामी: हे तिसरे लक्षण. यात दोन बाजू जुळाव्या लागतात, पाठवणाऱ्याने लावलेला कंटेंट-टाइप आणि वाचणाऱ्याने बसवलेला पार्सर. ‘एक्सप्रेस.जेसन()’ फक्त जेसन वाचतो, ‘एक्सप्रेस.युआरएलएन्कोडेड()’ साध्या एचटीएमएल फॉर्मचा मजकूर वाचतो आणि फाइल असलेला मल्टिपार्ट (भागाभागांत पाठवलेला) फॉर्म या दोघांपैकी कोणीच वाचत नाही. त्याला मल्टरसारखी लायब्ररी लागते. फेचमध्ये बॉडीला ‘जेसन.स्ट्रिंगिफाय’ केलेला मजकूर दिला पण हेडर लिहायचे राहिले, तर ब्राउझर ‘टेक्स्ट/प्लेन’ लावतो आणि पार्सर ती बॉडी सोडून देतो. पार्सर रूटच्या खाली लिहिला असेल तरीही तेच होते, कारण एक्सप्रेस मिडलवेअर लिहिलेल्या क्रमानेच चालवतो.

रिकामे म्हणजे नेमके काय दिसते यातूनही माग लागतो. एक्सप्रेस ४ मध्ये पार्सर बसवलेला असून कंटेंट-टाइप जुळला नाही तर ‘रेक.बॉडी’ हा रिकामा ऑब्जेक्ट असतो आणि पार्सरच नसेल तर ते ‘अनडिफाइन्ड’ (किंमतच नसलेले) असते. २०२४ मध्ये आलेल्या एक्सप्रेस ५ मध्ये दोन्ही प्रसंगी ‘अनडिफाइन्ड’ मिळते. म्हणून जुन्या शिकवणीतून घेतलेला जो कोड ४ वर निमूटपणे रिकामी नोंद करत असे, तोच ५ वर ‘रेक.बॉडी’मधून नाव काढता येत नाही अशी त्रुटी देऊन थांबतो. पॅकेज.जेसनमध्ये आवृत्ती पाहून घ्यावी. माझ्या मते नवे वागणे बरे, कारण दोष लवकर उघड होतो.

तुमच्या फॉर्ममध्ये छायाचित्र आहे, त्यामुळे जेसनऐवजी फॉर्मडेटाच पाठवावा. इथे एक उलटा नियम आहे आणि तो न पाळल्याने पुष्कळ फॉर्म अडतात: फॉर्मडेटा पाठवताना कंटेंट-टाइप हेडर स्वतः लिहू नये. मल्टिपार्ट बॉडीत रकाने एकमेकांपासून वेगळे करणारी एक खूणओळ असते, तिला बाउंडरी म्हणतात आणि ती ब्राउझर त्या त्या वेळी तयार करून हेडरमध्ये लिहितो. आपण हाताने फक्त ‘मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा’ असे लिहिले की बाउंडरी हेडरमध्ये जात नाही आणि सर्व्हरवर ‘बाउंडरी नॉट फाउंड’ अशी त्रुटी येते. मल्टरमध्ये ‘अपलोड.सिंगल’ला दिलेले नाव आणि फाइलच्या रकान्याचे ‘नेम’ तंतोतंत एक हवे, नाहीतर ‘अनएक्सपेक्टेड फील्ड’ अशी त्रुटी मिळते. मजकुराचे रकाने फाइलच्या आधी जोडावेत. फाइलचे नाव किंवा फोल्डर ठरवणारे फंक्शन चालते तेव्हा नंतर येणारे रकाने ‘रेक.बॉडी’त अजून आलेले नसतात.

छायाचित्र बेस६४ करून (मजकुरात बदलून) जेसनमध्ये घालण्याचा मोह टाळावा. त्याने आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो आणि एक्सप्रेसच्या जेसन-पार्सरची मूळ मर्यादा १०० किलोबाइट आहे, ती फोनवर काढलेल्या बहुतेक फोटोंनी ओलांडली जाते. एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ मेगाबाइट आहे. दोन्ही मर्यादा एकाच हिशेबाने ठरवाव्यात. एक वाढवून दुसरी तशीच ठेवली की संगणकावर चालणारा फॉर्म प्रत्यक्ष सर्व्हरवर अडतो.

सर्व्हर पीएचपी या भाषेतला असेल तर जेसन पाठवल्यावर ‘पोस्ट’ ही ॲरे (यादी) रिकामी दिसणे स्वाभाविक आहे. जेसन ‘पीएचपी://इनपुट’मधून वाचावे लागते. तिथे ‘पोस्ट_मॅक्स_साइझ’ ओलांडली तर ‘पोस्ट’ आणि ‘फाइल्स’ दोन्ही ॲरे रिकाम्या होतात आणि कोडला काहीच आले नाही असे वाटते. जँगो या पायथनच्या चौकटीत ४०३ आला तर आधी सीएसआरएफ टोकन (बनावट विनंत्या रोखणारी खूण) पाहावे.

पोस्ट पाठवूनही सर्व्हरच्या लॉगमध्ये गेट दिसत असेल तर मधे रीडायरेक्ट झालेले (विनंती दुसऱ्या पत्त्याकडे वळवलेली) असते. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर किंवा शेवटची तिरकी रेघ जोडण्यासाठी ३०१ अथवा ३०२ दिला गेला, तर ब्राउझर पुढची विनंती गेट करून पाठवतो आणि बॉडी टाकून देतो. ३०७ आणि ३०८ मध्ये मेथड व बॉडी टिकतात. पण फॉर्मचा पत्ता सुरुवातीपासूनच अचूक लिहिणे हा त्याहून चांगला उपाय आहे.

प्रतिसाद वाचतानाही गफलत होते. फेचचे प्रॉमिस (पुढे येणाऱ्या निकालाची हमी देणारा ऑब्जेक्ट) ४०४ किंवा ५०० आल्यावर नाकारले जात नाही, ‘रिस्पॉन्स.ओके’ स्वतः तपासले नाही तर नोंद झालेली नसतानाही ‘धन्यवाद’ झळकते. ॲक्सिओस या विनंती पाठवणाऱ्या लायब्ररीचे वागणे वेगळे आहे, तो अशा स्टेटसवर त्रुटी फेकतो. जेसन वाचताना ‘अनएक्सपेक्टेड टोकन’ आणि पुढे कोनी कंस अशी त्रुटी आली तर सर्व्हरने जेसनऐवजी एचटीएमएलचे पान पाठवले आहे, बहुधा ४०४ चे. नेटवर्क टॅबच्या रिस्पॉन्स भागात ते पान वाचता येते. विनंती ‘पेंडिंग’वर अडकून राहिली तर हँडलरमधून (रूटच्या फंक्शनमधून) प्रतिसाद पाठवायचा राहिला आहे. एक्सप्रेस ४ एसिंक (काम पूर्ण होण्याची वाट पाहणाऱ्या) हँडलरमधली त्रुटी स्वतः पकडत नाही, एक्सप्रेस ५ पकडतो.

इतके पाहूनही दोष ब्राउझरच्या बाजूचा की सर्व्हरच्या, हे ठरत नसेल तर नेटवर्क टॅबमधल्या त्या ओळीवर उजवी टिचकी देऊन ‘कॉपी ॲज कर्ल’ निवडावे आणि ती आज्ञा टर्मिनलमध्ये चालवावी. पोस्टमनमध्ये आपण विनंती नव्याने रचतो, इथे ब्राउझरचीच विनंती जशीच्या तशी जाते. टर्मिनलमध्येही बॉडी रिकामी आली तर दोष विनंतीच्या घडणीत किंवा सर्व्हरवर आहे; इथे नोंद झाली आणि ब्राउझरमध्ये होत नसेल तर कॉर्स, कुकी किंवा प्रतिसादाच्या हाताळणीकडे वळावे. ही आज्ञा मदतीसाठी कोणाला पाठवण्याआधी तिच्यातल्या कुकी आणि टोकन काढून टाकावेत.

मराठी फॉर्मचे काही प्रश्न वेगळे आहेत आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शनात ते सापडत नाहीत. मोबाइल क्रमांक देवनागरी आकड्यांत लिहिला गेला तर जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (मजकूर तपासण्याच्या नमुन्यातली) आकड्याची खूण तो ओळखत नाही आणि ‘नंबर()’ फंक्शन ‘नॅन’ (आकडा नाही) देते. पायथन ३ मध्ये मात्र तीच खूण देवनागरी आकडे मान्य करते. परिणामी पायथनचा सर्व्हर देवनागरीतला क्रमांक स्वीकारतो, तसाच साठवतो आणि नंतर इंग्रजी आकड्यांनी शोधल्यावर तो सापडत नाही. तपासणीच्या आधीच दोन्ही बाजूंना आकडे एका रूपात आणावेत आणि क्रमांक मजकूर म्हणूनच साठवावा, म्हणजे सुरुवातीचे शून्य किंवा अधिकचिन्ह टिकते.

नावाच्या तपासणीत युनिकोडमधला (सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकातला) फक्त ‘अक्षर’ हा वर्ग मान्य केला तर ‘क्षितिज’ हे नाव नाकारले जाते, कारण वेलांटी आणि हलन्त युनिकोडमध्ये ‘चिन्ह’ या वर्गात येतात. तोही वर्ग जोडावा लागतो. हेच नाव वाचताना तीन अक्षरांचे आहे, जावास्क्रिप्टच्या लेखी त्याची लांबी ७ आहे आणि युटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) मध्ये ते २१ बाइट घेते. लांबीची मर्यादा पुढे एका मापाने आणि मागे दुसऱ्या मापाने मोजली तर देवनागरी नावेच तेवढी अडतात. नोंद झाली पण डेटाबेसमध्ये नुसती प्रश्नचिन्हे दिसत असतील तर रकान्याचे किंवा जोडणीचे एन्कोडिंग चुकीचे असून मूळ मजकूर गेलेला आहे. प्रश्नचिन्हांऐवजी विचित्र परकी अक्षरे दिसत असतील तर बाइट बहुधा शाबूत आहेत आणि वाचताना चूक होते आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘युटीएफ८एमबी४’ हे एन्कोडिंग वापरावे. जुन्या तीन बाइटच्या ‘युटीएफ८’मध्ये देवनागरी बसते, पण नावापुढे कोणी इमोजी टाकला की नोंद फसते.

शेवटचा मुद्दा दुहेरी नोंदींचा, आणि तो कॉर्सशी जोडलेला आहे. फॉर्मडेटाच्या साध्या पोस्ट विनंतीला प्रीफ्लाइट लागत नाही. म्हणजे परवानगीचे हेडर नसले तरी विनंती सर्व्हरवर पोहोचते, नोंद होते आणि ब्राउझर फक्त प्रतिसाद अडवतो. भरणाऱ्याला त्रुटी दिसते, तो पुन्हा बटण दाबतो आणि एकाच विद्यार्थ्याच्या तीन नोंदी होतात. विनंती चालू असताना बटण बंद ठेवावे, पण तेवढ्यावर विसंबू नये. फॉर्म उघडताना एक अनन्य ओळख तयार करून ती फॉर्मसोबत पाठवावी, डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिक इंडेक्स (एकच किंमत दोनदा न येऊ देणारा नियम) ठेवावा आणि तीच ओळख पुन्हा आली तर नवी नोंद न करता आधीचाच प्रतिसाद परत द्यावा. ही ओळख ‘क्रिप्टो.रँडमयुयुआयडी()’ने मिळते, मात्र ते फंक्शन फक्त एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवरच उपलब्ध असते. घरच्या वायफायवर फोनमधून संगणकाचा आयपी पत्ता टाकून साध्या एचटीटीपीने फॉर्म तपासाल तेव्हा ते तिथे नसेल आणि ओळख तयार करणारी ओळ त्रुटी देऊन तिथेच थांबेल. फोनवरची चाचणी म्हणून एचटीटीपीएसवरच करावी.